वाकळीचा उसवलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे. शहरात मला गोधडी म्हणतात. सास्तूरला सत्यभामाबाईसमोर तसं म्हणाल तर ती तुम्हाला उंबऱ्यावरूनच परत पाठवील. मला शिवली तिनंच. हात तिचा सुईचा आणि जीभ अडकित्त्याची. तिच्याच दोऱ्यानं उभी राहिले मी, तेव्हा माझ्या बोलण्याला थोडी धार असली तर राग मानू नका.

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात माझा जन्म झाला. जुनं गाव दगडमातीखाली गेलं होतं आणि वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये कुडकुडत होती. बाहेरून ब्लँकेटांचे गठ्ठे यायचे. सत्यभामाबाई म्हणाली, "दुसऱ्याची ऊब अंगी लागत न्हाय." तिनं ढिगाऱ्यातून निघालेली लुगडी गोळा केली, धुतली, पिळली, पुन्हा धुतली. तरी माती पुरती गेली नाही. ती अजून माझ्या पोटात आहे. मला झटकलंत तर करकर ऐकू येईल.

माझ्या अगदी आतला थर गिरिजाबाईच्या हिरव्या लुगड्याचा. गिरिजाबाई म्हणजे सत्यभामाबाईची धाकटी जाऊ. एक लेक, एक मुलगा. घर भरलं म्हणून तिनं हौसेनं मूल न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. भूकंपानं दोन्ही पोरं नेली. लुगडं देताना ती म्हणाली होती, "ह्याला पोरांचा वास येतोय. घ्या अक्का, मला झोप लागत न्हाय."

पुढं डॉक्टर आले. बांधलेली कूस पुन्हा उघडून बघता येते, म्हणाले. काही बायांच्या घरी पाळणे हलले. गिरिजाबाईची कूस उघडली, पण तिथं काही रुजलं नाही. मग ती रोज जुन्या गावात जाऊन आपल्या पडक्या घराच्या दगडावर बसायची आणि नखातली माती कोरायची. एका दुपारी बसल्या जागीच गेली.

त्या दिवशी सत्यभामाबाईनं घरात सांगून टाकलं, "ह्या घरात पुन्हा कुण्या बाईची कूस बांधायची न्हाय. ऑपरेशन न्हाय, तांबी न्हाय, गोळी न्हाय. समदे एकाच माळंचे मणी." तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती?

माझे भराचे दिवस मात्र सुखाचे गेले. लोहाऱ्याहून पाहुण्या आल्या की माझे टाके निरखायच्या. सत्यभामाबाईचा नातू कृष्णराज माझ्याखालीच लहानाचा मोठा झाला. पुढं घरात गाद्या आल्या आणि मी माळ्यावर, कांद्याच्या पोत्याशेजारी गेले. कौतुकाचं असंच असतं मित्रांनो, गरज सरली की त्याला उंदीर लागतात.

कृष्णराजचं लग्न झालं. तेरची वैष्णवी सून म्हणून आली. तिचं पहिलं बाळंतपण अडलं, पोट फाडावं लागलं, बाळ हाती आलं नाही. डॉक्टरीणबाईनं नवरा-बायकोला बजावलं, "दोन वर्षं दिवस राहू देऊ नका. आतली शिवण कच्ची आहे. फाटली तर ही हाती लागणार नाही." त्या वेळी सत्यभामाबाई बाहेर डबा घेऊन बसली होती. तिला दोघांनी काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार?

मग कृष्णराजला इंग्लंडातल्या एका कारखान्यात काम मिळालं. सत्यभामाबाईनं मला माळ्यावरून काढून उन्हात घातलं. "तिथली थंडी हाडात शिरती म्हणं," ती म्हणाली. "ही न्या. अन् येताना हिच्यात पोर गुंडाळून आणा."

वैष्णवी "व्हय आजी" म्हणाली. दार लावून तिनं माझा एक कोपरा उसवला, लोहाऱ्याच्या मेडिकलातून आणलेली गोळ्यांची पाकिटं आत सारली आणि कोपरा शिवून टाकला. ती पाकिटं जाऊन टेकली ती गिरिजाबाईच्या हिरव्या पदराला. मी काय करणार? वाकळीला तोंड नसतं.

परमुलखात दिवस लवकर मावळायचा. कृष्णराज कामावर गेला की वैष्णवी मला पांघरून पडायची. अशाच एका दुपारी तिला पायथ्याशी भार वाटला. डोळे उघडून पाहते तो हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी बसलेली, नखं कोरत. वैष्णवीनं गिरिजाबाईला कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तरी तिनं ओळखलं. मीही ओळखलं. माझ्या पोटातली माती करकरली.

गोळ्या संपल्या. कृष्णराजनं चौकशी केली, तेव्हा कळलं की ह्या देशात अशा कामासाठी वेगळे दवाखाने असतात. परदेशी बाईलाही तिथं जाता येतं आणि ते कुणाच्या घरी कळवत नाहीत. वैष्णवी गेली. नर्सनं रक्तदाब मोजला आणि मान हलवली. ह्या गोळ्या तुला बऱ्या नाहीत, तांबी बसव, असं तिचं म्हणणं. हे सांगायला फोनवर हिंदी बोलणारा दुभाष्या होता, बाप्या माणूस. तो "बच्चेदानी के अंदर" असं स्टँडावर बस लागल्यासारखं पुकारून सांगत होता आणि वैष्णवी जमिनीकडं बघत होती. तिच्या मनात एकच: एकदा आत बसवलं म्हणजे बांधलंच. "बाद में," म्हणाली आणि घरी आली.

त्या दुपारी ती हिरवी बाई पहिल्यांदा हलली. थोडी सरकली आणि शेजारी वैष्णवीला बसायला जागा केली.

पुढं वैष्णवीची पाळी लांबली. नवरा-बायको भिंतीवरच्या कॅलेंडरावर दिवस मोजायचे. भाताचं पातेलं तसंच राहायचं. पोटात जीव असेल तर तो आईला घेऊन जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी पाळी आली. वैष्णवी मला तोंडाशी धरून रडली, मग तिनं मला धुऊन हिटरपुढच्या खुर्चीवर वाळत घातलं. तेवढ्यात गावाकडून व्हिडिओ कॉल आला आणि वैष्णवीच्या मागं मी दिसले.

"त्यो कोपरा दाखव," सत्यभामाबाई म्हणाली.

"कुठला, आजी?"

"वाकळीचा. तिथला टाका माझा न्हाय. एवढा ढगळ टाका कुणी पोत्याला बी घालत न्हाय."

कृष्णराज मधे पडला, "आजी, नेटवर्क जातंय बघ..."

"नेटवर्क न्हाय, तुझं तोंड जातंय. गप बस. वैष्णवे, काय लपवलंस?"

वैष्णवीनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईचं बोलणं, गोळ्या, दवाखाना, पायथ्याशी येऊन बसणारी हिरवी बाई. पलीकडं सत्यभामाबाईनं फोन तोंडाशी आणला.

"शिवण फाटंल म्हणली?"

"व्हय, आजी."

"अन् मला न्हाय सांगितलं. मी काय खाणार व्हते तुला?" आवाज चढला, मग तिनं विचारलं, "ती तांबी… बसवली की निघती का? का गिरिजासारखं?"

"विचारलंच न्हाय. फोनवर बाप्या होता."

"मग बाई माग की! तेरच्या बाजारात वांग्यासाठी हुज्जत घालतीस, अन् तिथं बाई मागाया जीभ झडली?" मग ती हळू म्हणाली, "जा तू. गिरिजाचं मी बघते."

वैष्णवी पुन्हा गेली. मला बाईच पाहिजे, मराठी बोलणारी, असं तिनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी पुढचा दिवस दिला आणि फोनवर बाई आली. वैष्णवीनं खोदून खोदून विचारलं: निघते का? कुणी काढायची? गावाकडं गेल्यावर काढता येईल? नर्सनं गर्भाशयाचा रबरी नमुना तिच्या हातात दिला, दोरा ओढून तांबी कशी बाहेर येते ते दाखवलं. तिला स्वतःला ओढून बघायला लावलं. तेव्हा कुठं वैष्णवी खाटेवर चढली.

घरी येऊन ती पोटाशी पाय घेऊन माझ्याखाली पडली आणि फोन लावला.

"आजी, लई वारं ऐकू येतंय. कुठं आहात?"

"जुन्या गावात. गिरिजाच्या दगडापाशी."

"एकट्याच?"

"दोघी हाव."

वैष्णवीनं मला घट्ट धरलं.

"सांगितलं म्या हिला," सत्यभामाबाई म्हणाली. "पोरगी कूस बांधत न्हाय, कडी लावतीय. अन् कडी आतनं हाय, म्हनलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"तुझं पोट दुखतंय का ते सांग आधी. गरम पाणी घे. अन् ठेव फोन. ही उठंना झालीय, बसते जरा हिच्याजवळ."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी वाकळ असेल. तिला उन्हात घाला, कसर लागू देऊ नका. आणि घरातल्या लेकीसुनेला डॉक्टरचं सांगणं वाकळीत शिवून ठेवावं लागणार नाही, एवढं बघा. मोठी माणसं ओरडतील. ओरडू द्या. ओरडणाऱ्याला निदान उलटून विचारता येतं.