उलटे गेलेले दोन बाइट

आपल्या तोंडून असं काही निघेल, असं सुदर्शन बोकीलला कधी वाटलं नव्हतं. पण भोसरीच्या कारखान्यात, दहा माणसांदेखत, ते निघालं.

गोष्ट १९९९ची. हिंमतरावांच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला तिथलं काम मिळालं होतं. भट्ट्यांचं तापमान दर दोन सेकंदांनी नेटवर्कवरून व्यवस्थापकांच्या पडद्यावर दिसायला हवं होतं. त्यासाठी आधी जोडणी करत बसायचं नव्हतं. आकडा पत्त्यावर टाकायचा नि पुढचा घ्यायचा. याला यूडीपी म्हणतात. आकडे पाठवणारा क्लायंट सुदर्शनने लिहिला होता, घेणारा सर्व्हर आम्रपाली गायकवाडने. तिला नोकरीला लागून चार महिने झाले होते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पडदा कोराच राहिला.

"माझ्याकडून जातंय. हे बघा, प्रत्येक वेळी 'पाठवलं' म्हणतोय," सुदर्शन म्हणाला.

"सर, तुमचा पोर्ट नंबर एकदा बघू?" आम्रपालीने विचारलं.

"माझं काय बघतेस? ऑफिसातल्या टेबलावर तपासून आणलंय मी." मग कारखान्याच्या लोकांकडे वळून तो हसत म्हणाला, "काय करणार! हल्ली प्रवेश कशाच्या जोरावर मिळतात, माहीत आहे ना. मग निस्तरायचं आम्ही."

दोघं जण हसले. बाकीचे जमिनीकडे बघत राहिले. आम्रपाली पुन्हा आपल्या संगणकाकडे वळली.

दुपारी ऑफिसात येऊन त्याने आपला कोड उघडला आणि त्याचे कान तापले. पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या ठरलेल्या दाराचा, आकडा नेटवर्कवर सोडण्याआधी त्याच्या दोन बाइटांचा क्रम बदलावा लागतो. ते त्याने केलंच नव्हतं. आकडे भलत्याच पोर्टवर जाऊन पडत होते. यूडीपीत ते पोचले की नाही, हे पाठवणाऱ्याला कोणी सांगत नाही. टेबलावर चाललं, कारण तिथला चाचणीपुरता सर्व्हरही त्यानेच लिहिला होता, त्याच चुकीसकट.

गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कोणाला कळलं नसतं. अर्धा तास तो तसाच बसला. मग उठून आम्रपालीच्या टेबलाशी गेला.

"चूक माझी होती."

"माहीत आहे, सर. कारखान्यात तुम्ही चहाला गेलात तेव्हाच बघितलं. पाच हजारऐवजी चौतीस हजार आठशे पस्तीसवर येत होतं सगळं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या त्या वाक्यानंतर? कोणी ऐकलं असतं?"

त्याला तिच्याकडे बघवेना. "त्याबद्दल मला माफ कर," तो कसंबसं म्हणाला.

"इथे कशाला? बोललात तिथे."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भोसरीला गेले. आकडे दिसू लागले. सुदर्शनने सगळ्यांना थांबवून चूक सांगितली, आणि म्हणाला, "काल यांच्याबद्दल मी जे बोललो ते नीच होतं."

"अहो, जाऊ द्या, चालू झालं ना!" व्यवस्थापक म्हणाले. काल हसलेल्यांपैकी एकाने घड्याळात पाहिलं. तिचा अपमान ऐकायला त्यांच्याकडे वेळ होता, माफी ऐकायला नव्हता. आम्रपाली पडद्यावरचे आकडे वहीत उतरवत होती. तिने मान वर केली नाही.

पुढे दीड वर्ष दोघांनी एकत्र काम केलं. ती त्याला 'सर'च म्हणायची, कामात तिने कधी अडवणूक केली नाही. मात्र डबा खायला ती त्याच्या टेबलावर कधीही बसली नाही, आणि 'ये, बस' म्हणायचं धाडस त्यालाही झालं नाही.