पंधरा की बावीस

मला कुणी "जरा दम धर" म्हटलं की माझं डोकं फिरतं. मोहियोद्दीन चाचा ते दिवसातून वीस वेळा म्हणतात, म्हणून शेंद्र्याच्या आमच्या शेडमध्ये रोज भांडण ठरलेलं. त्या दिवशी सकाळी नऊलाच सुरू झालं होतं. मी शेडमध्ये येरझारा घालत होते आणि चाचा स्टुलावर बसून चहा पीत होते.

"चाचा, काहीतरी चुकलंय."

"क्या चुकलंय? दो दिन से येच बोल रही तू. जरा दम धर, बेटी."

"आवडाबाईची म्हैस तीन वेतं नीट व्याली. एकदाही गाभडली नाही. तिला रोग कसा निघतो?"

"प्लेट ने बोला. प्लेट झूठ बोलती क्या?"

तेच तर. प्लेट खोटं बोलत नव्हती आणि मला ते पटतही नव्हतं.

आधी आमचं काम सांगते. गाई-म्हशींना ब्रुसेला नावाचा रोग होतो. गाभण जनावर गाभडतं, म्हणजे दिवस भरायच्या आत वासरू पडतं, आणि माणसाला लागला तर ताप महिनोन् महिने पाठ सोडत नाही, सांधे धरून बसतात. तो रक्तात आहे का हे बघायची साधी रीत म्हणजे एकेक नमुना पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घ्यायचा, गुलाबी औषधाचा थेंब टाकायचा, हलवायचं आणि चार मिनिटं टक लावून बसायचं. एका गावाला अख्खा दिवस जातो. माझ्यासारखीला तर चार मिनिटंही जड.

चाचांनी तीस वर्षं कारखान्यात डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवले. रिटायर झाल्यावर घरात करमेना, म्हणून माझ्या डोक्यातली कल्पना त्यांनी हातात घेतली आणि ठसा बनवला. तळहाताएवढा स्टीलचा ठोकळा, त्याच्या खाली शहाण्णव सुया. आठ ओळी, ओळीत बारा. प्रत्येक सुईच्या टोकाला बारीक चीर, तीत ठराविक तेवढाच थेंब धरतो. ठोकळा रक्ताच्या नळ्यांच्या रॅकवर दाबायचा, उचलायचा आणि आधीच औषध भरलेल्या शहाण्णव खळग्यांच्या प्लेटवर टेकवायचा. झालं. जिथं रोग असेल त्या खळग्यात औषध दूध फाटल्यागत दिसतं. अख्खं गाव पाच मिनिटांत! पहिल्यांदा बारा शेळ्यांवर करून बघितलं तेव्हा एकही उत्तर चुकलं नाही आणि मी चाचांना मिठीच मारली होती.

नळ्यांवर नावं लिहायची नाहीत, हा हट्ट माझा. बर्फाच्या डब्यात शाई पुसते, चिठ्ठ्या गळतात. म्हणून मी ठरवलं, जनावराची ओळख म्हणजे रॅकमधली जागा. कचरूमामा कागदावर घरं एका क्रमानं लिहिणार आणि त्याच क्रमानं नळ्या लावणार. मामा जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. आता फुलंब्रीच्या पलीकडं त्यांच्या वस्तीवर शेती बघतात. रक्त काढायला हात इतका हलका की म्हैस रवंथ थांबवत नाही. चाचांनी रॅकच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लाल टिपका मारला होता, तिथून सुरुवात. मामांना एवढंच सांगितलं होतं.

वस्तीवरची शहात्तर जनावरं शनिवारी तपासली. खात्रीसाठी शेवटच्या ओळीत मी आधीच माहीत असलेले दोन नमुने लावले होते, एक रोगी, एक निरोगी. दोन्ही बरोबर आले. बाकीच्यांत एकच खळगा फाटला. दुसरी ओळ, डावीकडून तिसरा. पंधरा नंबर. आवडाबाईची म्हैस. मी फोन करून सांगितलं, तिला लांब बांधा, दूध वापरू नका. आवडाबाईनं मला फोनवर असं काही झापलं की विचारू नका. म्हणाली, "तुझ्या मिशनीला आग लागो." त्यानंतर तिनं ना माझा फोन उचलला ना मामांचा. वस्तीवरच्या बायका दोन दिवस तिच्या दारावरून जाईनात म्हणे.

तर आमचं भांडण चालू असतानाच मामा पुढच्या गावासाठी रिकाम्या नळ्या न्यायला आले. डोक्याचा रुमाल सोडून टेकतात न टेकतात तोच मी रॅक त्यांच्यापुढं आपटला.

"मामा, शनिवारी नळ्या कशा लावल्या ते दाखवा. एकेक. घराचं नाव घेऊन."

"आगं पाणी तरी पिऊ दे!"

"नंतर प्या."

मामा हसले. लाल टिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बद्रीनाथचं. पयलं." मग बोट उजवीकडं सरकत गेलं, घरामागून घर, बाराव्या भोकापर्यंत. माझ्या हातात त्यांचाच कागद होता. सगळं जुळत होतं. मला वाटलं, उगाच आपण घोर लावून घेतला.

मग बोट बाराव्या भोकावरून सरळ खाली उतरलं आणि दुसऱ्या ओळीत उजवीकडून डावीकडं चालायला लागलं.

"तेरा... चौदा..."

"थांबा! हे काय?"

"काय?"

"तेरा नंबर उजवीकडून?"

"मग कुठून?" मामा माझ्याकडं बघतच राहिले. "पोरी, आऊत बांधाला पोचलं की बैल वळवायचे अन् दुसरी काकरी धरून यायचं. रिकामं माघारी कशाला यायचं? लई वर्सांची सवय, हात आपसूक वळतो."

मी शहरात, क्रांती चौकात वाढलेली. बैल बघितले ते पोळ्यालाच. माझ्या सगळ्या शिक्षणात ओळ म्हणजे डावीकडून उजवीकडं, आणि संपली की पुन्हा डावीकडून. कुणी वेगळं करेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शेळ्या होत्या बारा, म्हणजे एकच ओळ. चूक दिसणार कुठून!

"दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरं," मी म्हटलं. "मामा, तुमच्या हिशेबानं हे कितवं?"

मामांनी बोटानं मोजलं. तेरा, चौदा, पंधरा करत बोट डावीकडं गेलं. "बावीस."

"बावीस कुणाची?"

कागद बघायची गरजच पडली नाही त्यांना. चेहराच उतरला.

"सरूबाईची. आगं, ती म्हैस आज व्यायची हाय. सकाळी मी निघालो तवा पाय झाडत व्हती."

सरूबाईला मी ओळखत होते. वस्तीवर कुठलीही म्हैस अडली की बोलावणं तिलाच. कोपरापर्यंत हात घालून रेडकू वळवून बाहेर काढते. आणि हा रोग व्यायच्या वेळीच ओततो. पाण्यातून, वारेतून, सगळ्यातून. जनावर बाहेरून ठणठणीत दिसतं. कधी कधी रेडकूसुद्धा जिवंत जन्मतं. सगळं हातांना लागतं आणि हाताला जरा कुठं कापलेलं असलं तरी आत जातं. मी तिला शनिवारी फोनवर म्हटलं होतं, "मावशी, तुमची एकदम साफ आहे बरं का." किती कौतुकानं म्हटलं होतं!

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"गोठ्यात आसंल," मामा म्हणाले. "फोन घरात फळीवर ठिवती."

पहिल्या घरच्या बद्रीनाथला लावला. तो कागदांसाठी फुलंब्रीत, तहसीलच्या रांगेत. आवडाबाई उचलेना. कशाला उचलेल? मी चाचांच्या हातातून चहाचा कप काढून घेतला.

"गाडी काढा."

चाचांची जुनी ओम्नी. शेंद्र्याहून निघालो ते जालना रोडला कंटेनरच्या मागं अडकलो. चाचा हॉर्न वाजवत नाहीत, ओव्हरटेक करत नाहीत, पिवळा दिवा दिसला की थांबतात. मी सीटवर नुसती तळमळत होते. पाचव्यांदा फोन, सहाव्यांदा फोन. चिकलठाण्याच्या सिग्नलला माझा तोल गेला आणि मी मागं वळून मामांवर तुटून पडले.

"कागदावर लिहिता येतं ना तुम्हाला? मग रॅकमध्ये शेत कशाला नांगरायचं? एकदा विचारायचं तरी!"

मामा रुमालाची घडी घालत होते आणि मोडत होते.

"उसको मत बोल," चाचा समोर बघतच म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका कडक कधी ऐकला नव्हता. "हर ओळीला बाण मारायला पाहिजे होता. मैंने नहीं मारा. तूने बताया नहीं. इसने तो ईमानदारी से अपना काम किया. गाली खानी है तो अपन दोनों खाएंगे."

मला रडू आलं. रागाचं होतं का भीतीचं, देव जाणे. दोन दिवस मनात खुपत होतं, आणि मी नुसत्या येरझारा घातल्या. शनिवारीच मामांना रॅक भरून दाखवायला लावलं असतं तर? रविवारी? मला एरवी एक मिनिट धीर निघत नाही, आणि जिथं घाई करायची तिथं मी दोन दिवस बसून राहिले.

"मामा, चुकलं माझं," मी म्हटलं.

"र्‍हाऊ दे. आधी पोचू दे."

हर्सूल मागं पडल्यावर चाचांनी पहिल्यांदा गाडी पळवली. फुलंब्रीतून वळताना समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा हॉर्नसुद्धा वाजवला. वस्तीच्या कच्च्या रस्त्यावर ओम्नी थांबायच्या आतच मी दार उघडून उडी मारली.

गोठ्यापुढं सरूबाई उकिडवी बसली होती. पुढ्यात ओलं रेडकू, पायावर उभं राहायच्या खटपटीत. म्हैस मान वळवून त्याला चाटत होती. सरूबाईचे हात कोपरापर्यंत चिकट होते आणि ती ते वाळल्या गवतानं पुसत होती.

"आलीस व्हय गं! आन् मामाबी?" तिचा चेहरा नुसता फुलला होता. "बघ, वगार झाली! आडवी व्हती मेली. पाऊन घंटा लागला. तुझ्या पायगुणानं सुटली बघ."

मी तिच्यापुढं खाली बसले. सांगायचं कसं, काही सुचेना, म्हणून सरळ सांगून टाकलं. आवडाबाईची म्हैस चांगली आहे. रोग हिला आहे. नळ्या उलट्या लागल्या. चूक माझी.

"साबण कुठाय?" मी विचारलं. "मावशी, तोंडाला हात लावू नका. मामा, पाणी ओता. आपल्याला आत्ताच्या आत्ता फुलंब्रीला डॉक्टरांकडं जायचंय."

मामा तांब्यानं पाणी ओतायला लागले. मी तिचे हात हातात घेऊन चोळायला लागले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी विळ्याचा काप होता. ताजा, तोंड उघडलेला.

"हे कधीचं?"

"काल. चारा कापताना." तिला अजून नीटसं उमगलं नव्हतं. माझ्या तोंडाकडं बघत होती. "डॉक्टर काय देतील?"

"गोळ्या. तीन आठवडे तरी. ताप येतो का बघायचं. रक्त तपासायचं, पुन्हा पुन्हा."

"आन् नाय घेतल्या तर?"

"मग ताप महिनोन् महिने पाठ सोडत नाही, मावशी." मग ओल्या हातानंच तिनं गोठ्याच्या खुंटीकडं दाखवलं. तिथं लांब रबरी हातमोज्यांची जोडी लोंबत होती, खांद्यापर्यंत येणारे असतात तसले.

"दवाखान्यातून मागून आनलेत. दुसऱ्याची म्हैस आसली की मी घालतेच. कुनाच्या जनावराला काय आसतं, आपल्याला काय ठावं?" ती म्हणाली. "सकाळी हिलाबी घातले व्हते. पर त्यात पकड बसंना, रेडकाचा पाय हातातून निसटायला लागला. मग मनात आलं, ही तर आपलीच हाय. पोरीनं तपासलीया, साफ हाय म्हनली. म्हनून काढून टाकले."

ती रागावली नव्हती. जे झालं ते क्रमानं सांगत होती, तेवढंच. तिनं आवडाबाईसारख्या तोंडभरून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामांनी दुसरा तांब्या ओतला. मी तिच्या अंगठ्याच्या कापावर साबण चोळत राहिले, ती "आगं झोंबतंय" म्हणाली तरी.