गालभर पाणी

योम किप्पूरचा, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास लागायला अजून थोडा अवकाश होता. पेसियाने औषधाची मापाची पेली विसळली, गेदालियाच्या पलंगावर टेकली आणि नवऱ्याला म्हणाली, "भर गाल."

आजाऱ्याला या दिवशी पाणी घ्यावंच लागलं, तर एका वेळी गालभराहून कमी घ्यायचं, जरा थांबून पुन्हा घ्यायचं. मग उपास मोडत नाही. गाल ज्याचा त्याचा. म्हणून आदल्या दिवशीच तोंडात पाणी घेऊन एक गाल फुगवायचा आणि ते पेलीत सोडून मोजायचं. पाणी तोडू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ही वाट धर्मगुरूंनी, रब्बींनी, दाखवली होती. गेल्या वर्षीही दोघांनी हेच केलं होतं. तेव्हाची चिकटपट्टी पन्नास मिलिलिटरच्या रेघेवर अजून होती.

"बाशानच्या त्या राक्षसाएवढ्या ओग राजाला हंडाभर मिळालं असतं," गेदालिया म्हणाला. "नवरा बघून करायचास."

"आईने बघूनच दिलं मला. म्हणाली, पोराकडे पैसा नाही, पण गाल आहेत."

तो हसला. जन्मभर जेरुसलेमच्या शाळेत त्याने पोरांना जुनी मापं शिकवली होती. सहा अंड्यांचा एक लोग, दीड अंड्याचा पाव लोग. आता या पाव लोगाचे मिलिलिटर किती? इथले लोक शहाऐंशी म्हणत, बने ब्राक शहरातले दीडशे. अंड्याने मोजलं तर एक उत्तर, अंगठ्याने मोजलं तर दुसरं. मग मधल्या काळात अंडी लहान झाली की अंगठे मोठे झाले, या वादात त्याचं सूप रोज गार व्हायचं. "अंडं आहे ना? तळून खा," असं म्हणून पेसिया उठून जायची.

त्याने घोट घेतला, गाल फुगवला आणि पाणी पेलीत सोडलं. तिने पेली खिडकीशी धरली. पाणी तिसाच्या रेघेलाही टेकलं नव्हतं.

रोज बघत होती, तरी त्याचा चेहरा एवढा आत गेलेला तिला दिसलाच नव्हता.

"किती?"

"पन्नास. पट्टी हलवायला नको."

"वा! आईची निवड टिकली म्हणायची."

सगळं गाव एकमेकांची क्षमा मागत होतं, त्याच संध्याकाळी ती खोटं बोलली. जुन्या पट्टीने तो प्यायला तर उपास मोडणार, आणि तोही तिच्या हाताने. पण खरा आकडा सांगायला तिची जीभ रेटेना. देवाने काय हिशोब करायचा तो माझ्याशी करावा, असं तिने मनाशी ठरवलं.

सकाळी शेजारीपाजारी पांढरे कपडे घालून प्रार्थनेला गेले. पेसियाने पट्टीच्या जरा खालपर्यंत पेली भरून दिली. गेदालियाने थोडं पाणी घेतलं आणि उरलेलं उशाशी ठेवलेल्या काचेच्या रिकाम्या जगमध्ये ओतलं. पुढच्या खेपेलाही तेच. मग मात्र ती कडाडली.

"अरे, पी ना! तहान नाही का तुला?"

"आहे." त्याने तिचं मनगट धरलं. "पेसिया, एवढ्या पोरांना मापं शिकवली. माझ्या तोंडात किती मावतं ते मला कळणार नाही?"

"मग काल का नाही बोललास?"

"पन्नास म्हणताना तुझं तोंड बघितलं. म्हटलं, एक रात्र तरी राहू देत तिचे पन्नास." तो दम खायला थांबला. "पण हा उपास मला नीट करू दे. पुढच्या वर्षी कोण मोजतंय?"

ती रडली, अगदी हुंदके देऊन. त्याने रडू दिलं.

तरी पुढची पेलीही तिने पट्टीच्या जरा खालपर्यंतच भरली. कमी ओतायला हातच धजेना. दिवसभर ती भरत राहिली आणि तो प्रत्येक वेळी उरलेलं जगमध्ये ओतत राहिला.

संध्याकाळी प्रार्थनाघरातून शिंगाचा आवाज आला. उपास सुटल्याची प्रार्थना गेदालियाने पडल्यापडल्याच म्हटली.

"पी आता," तो म्हणाला. "सुकून गेलीस."

तिने जग उचलला. तो जवळजवळ भरला होता. गेल्या वर्षीचा गेदालिया एवढं पाणी सहज प्यायला असता. पेसियाने जगच तोंडाला लावला.

"सावकाश," तो म्हणाला. "तुला काही माप नाही."