पेंटरकाकांचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल फोन आहे. बाजारात नवे मॉडेल आले, तसे माझ्या पहिल्या मालकाने मला एका छोट्या वृद्धाश्रमाला देऊन टाकले. आश्रम चालवणाऱ्या ताईंनी मला रुमालाने पुसले आणि म्हणाल्या, "जाहिरात करायची आपली ऐपत नाही. आता तूच बघ बाबा काय ते!"

मी जीव तोडून काम केले. दोरीवर वाळणाऱ्या चादरी, पत्त्यांच्या डावात हमरीतुमरीवर येणाऱ्या आज्या, सारे मी टिपले. ताई ते फेसबुकवर टाकत. पाहणारे मोजकेच, त्यात निम्मे ताईंचे नातेवाईक.

थंडीचे दिवस आले. पांघरुणे विरली होती. जाहिरात कंपनीत काम करणारा ताईंचा भाचा म्हणाला, "मावशी, हसरे चेहरे बघून कुणाला पाझर फुटतो? काळजाला हात घालणारं काहीतरी टाक."

त्याच आठवड्यात पेंटरकाका आजारी पडले. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. एका दुपारी गेलेल्या बायकोच्या आठवणीने ते खाटेवर बसून रडत होते. ताई दारात थबकल्या, घुटमळल्या, आणि त्यांनी मला वर धरले. काकांना पत्ताही नव्हता.

तो फोटो वाऱ्यासारखा पसरला. ब्लँकेटचे गठ्ठे आले, हीटर आले. जो तो माझे कौतुक करू लागला.

मग एका पाहुण्या बाईंनी आपला फोन काकांपुढे धरला. "आजोबा, हे तुम्हीच ना?"

काकांनी पाहिले. दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून जेवू लागले.

शेवटी ताई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "काका, चुकलं माझं. पण सगळे कुडकुडत होते हो..."

"ब्लँकेटं आली, बरंच झालं," काका म्हणाले. "पण ताई, पाटीवर काय लिहायचं ते मी आधी मालकाला विचारायचो. तू मला विचारलंस का गं?"

ताईंनी तिथल्या तिथे फोटो काढून टाकला. पण तोवर तो कितीतरी फोनांत जाऊन बसला होता. आजही तो कुठे ना कुठे फिरतच असतो.

काही दिवसांनी काकांनी आपणहून रंग आणि ब्रश मागितला. आश्रमाची पुसट झालेली पाटी त्यांनी नव्याने रंगवायला घेतली. हात थरथरत होता, पण ब्रश टेकला की स्थिर व्हायचा. "आता काढ फोटो," ते म्हणाले. "हाताचा काढ. अक्षरांचा काढ."

तो फोटो थोड्यांनीच पाहिला. त्यांत एक म्हातारा बेकरीवाला होता. दोन दिवसांनी तो पाटीखाली येऊन उभा राहिला. "ही वेलांटी मी कुठंही ओळखेन! माझ्या दुकानाची पाटी यांनीच रंगवली. आहेत कुठं ते?"

तेव्हापासून तो दर आठवड्याला ताजा पाव घेऊन येई. दोघे जुन्या बाजाराच्या गप्पांत रंगून जात. त्याच्या शब्दाखातर शेजारचे दुकानदारही येऊ लागले. मदत थोडीच असे, पण येणारा प्रत्येकजण काकांच्या शेजारी बसून जाई. काकांच्या शेवटच्या आजारपणात बेकरीवालाच उशाशी होता.

आता माझी बॅटरी फुगली आहे, काच तडकली आहे. मी कपाटात पडून असतो. माझे काय व्हायचे ते होवो. पण मित्रांनो, चांगल्या कामासाठी का होईना, आम्हाला कुणाच्या चेहऱ्यासमोर धरण्याआधी एवढेच विचारा, "काढू का?" आणि ते नाही म्हणाले, तर आम्हाला खाली ठेवा.