दोघींचं पोट

मावशीचा शिवणकामातला एक नियम होता: तोंडात टाचण्या असताना खायचं नाही. नियम बरोबरच होता. अडचण एवढीच की टाचण्या सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत तोंडातच असायच्या. बोटांचे सांधे ठणकले की ती टाचण्या एका गालात सरकवायची आणि दुसऱ्या बाजूने दुखण्यावरची गोळी कोरडीच गिळायची. दिवसाला तीन, कधी चार.

"उपाशीपोटी नको घेऊस गं," मी म्हणायचो.

"गोळी पोटातच जाते ना? मग उपाशी कसं?"

दुकानात तिच्याच मापाचा कापडी पुतळा होता. सोमवारी त्याच्या पोटावर, बरगड्यांच्या जरा खाली, बटणाएवढा तपकिरी डाग दिसला. मंगळवारी तिथे भोक. उंदराचं काम असेल म्हणून मी बोट घालून पाहिलं. आतला भुसा ओला आणि कोमट होता.

"अयाई गं!" मागे मशीनवर मावशी कळवळली.

मी बोट काढलं. ती गप्प झाली. खात्री करायला परत घातलं.

"मेल्या, काय करतोयस?"

गुरुवारी भोकातून काळा भुसा गळायला लागला. मावशी दवाखान्याचं नाव काढू देईना, गिऱ्हाइकांचे कपडे राहिले होते. मग मी पुतळाच काखोटीला मारून निघालो. ती शिव्या घालत मागोमाग आली.

"पेशंट कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोघी."

त्यांनी पुतळ्याचं पोट दाबलं. मावशी वाकली. डॉक्टरांना फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. मी तिच्या गोळ्यांची पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.

"ही गोळी जेवणानंतर, पोट सांभाळणारी जेवणाआधी, आणि मनाने वाढवायच्या नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं?"

"ह्याने सांगितलेलं थोडंफार. पण ह्याचं कोण ऐकतं?"

"शी काळी होते?"

मावशीने टाचण्या तळहातावर काढल्या. "चार दिवस झाले. डांबरासारखी."

पोटात रक्तस्राव होता. रुग्णवाहिका आली, तिला घेऊन गेली. पुतळ्याला जागा नाही म्हणाले.

मी दवाखान्याच्या बाकावर पुतळा मांडीवर आडवा घेऊन, भोकाच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसलो. कापड गार पडत चाललं होतं. शेजारची बाई सरकून बसली. तासाभराने कडा आतून कुणीतरी ओढल्या. थांबून पुन्हा ओढल्या. भोक आवळत गेलं. कापडात हळूहळू ऊब आली.

खिशात फोन वाजत होता. हात सोडायची माझी हिंमत झाली नाही.