डावी केबल, उजवी केबल

दुपारचा एक वाजून गेला आणि पडद्यावर आकडा उमटला : उरलेला वेळ पाच तास चाळीस मिनिटं. ताईने तो दोनदा वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. अहो, पाच तास! हिच्या हातात जेमतेम तीन होते.

ऑफिस होतं जमीन मोजणाऱ्यांचं. दोन खोल्या, एक जिना, आणि सगळ्यांची ताई म्हणजे तिथली कॉम्प्युटरवाली. गावाबाहेर दगडाची खाण, खाणीखाली उतार, उताराच्या पायथ्याला सात घरं. काल उतारावर भेग दिसली. सकाळी सातही घरं रिकामी केली आणि माणसं शाळेच्या मैदानावर आणून बसवली. आता मैदानावर बसलेली माणसं किती वेळ गप्प बसणार? लहान मुलं, म्हातारी माणसं, डोक्यावर ऊन. मैदानावरच्या सरकारी अधिकाऱ्यांनी सरळ सांगून टाकलं, "चारपर्यंत तुमचा रिपोर्ट द्या. काही खचलं असेल तर मी कोणाला जाऊ देणार नाही. पण हातात कागद नसेल तर मी तरी कोणत्या तोंडाने अडवू?"

त्या सातांतलं तिसरं घर ताईच्या सख्ख्या भावाचं.

तो दर दहा मिनिटांनी फोन करत होता. "काय गं ताई, झालं का तुझं मोजून? का आम्ही इथेच संसार मांडायचा?"

"फोन ठेव रे! तुझ्याशी बोलत बसले तर उद्याही होणार नाही."

काम तसं सांगायला सोपं. महिन्यापूर्वी उताराची मोजणी झाली होती, आज सकाळी ताईने स्वतः जाऊन पुन्हा केली. दोन्ही एकावर एक ठेवायच्या आणि जमीन कुठे हलली ते बघायचं. जुनी मोजणी एका लॅपटॉपवर, नवी दुसऱ्यावर, आणि ताळा करणारा मोठा कॉम्प्युटर कोपऱ्यात. ऑफिसात त्याला थोरला म्हणत आणि लॅपटॉपना मधली आणि धाकटी. मधलीकडे जुनं, धाकटीकडे नवं. सगळं थोरल्याकडे यायला हवं होतं, पण ऑफिसच्या नेटवर्कमधून ते मुंगीच्या पावलांनी येत होतं.

"ही वायर काढून टाकते," ताई म्हणाली.

ऑफिसचे साहेब चमकले. साहेब भला माणूस, पण घाईत असला की त्याला प्रत्येक नवी गोष्ट संकट वाटायची. "काढून टाकते म्हणजे? मग ते बोलणार कसे एकमेकांशी?"

"त्या स्क्रीनच्या केबलने. जाड्या केबलने. ज्या वाटेने स्क्रीनला चित्र जातं, डिस्कवरचा माल जातो, त्याच वाटेने एक कॉम्प्युटर दुसऱ्याला थेट जोडता येतो. मधे नेटवर्कचा डबा नाही, काही नाही. पाच तासांचं काम अर्ध्या तासात होईल."

"यापूर्वी केलंयस कधी?"

"घरी केलंय एकदा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात टेकले. "कर बाई. पण काही जळलं तर माझ्याकडे बघू नकोस."

एक जाडी केबल स्क्रीनमागून निघाली. दुसरी नकाशेवाल्या काकांनी आपल्या खणातून काढून दिली. काका नकाशे काढायचे आणि जगातली प्रत्येक वस्तू खणात जपून ठेवायचे. थोरल्याला मागे दोन भोकं होती, डावं आणि उजवं. ताईने थोरल्याला लिहून सांगितलं : डावीकडून येईल ती जुनी मोजणी, उजवीकडून येईल ती नवी. डावीकडे मधली जोडली, उजवीकडे धाकटी. मधली लगेच दिसली. धाकटीचा पत्ताच नाही.

ताईने काय काय केलं नाही! धाकटी बंद करून चालू केली, सेटिंग उलटसुलट केलं, तिच्या पाठीवर थापही मारून पाहिली. वीस मिनिटं गेली. पुन्हा फोन वाजला, तिने तो उचललाच नाही.

"काका, ही केबल कसली आहे हो?"

"चार्जरची. का? तोंड तर तेच आहे की!"

"अहो काका!" ताई जवळजवळ किंचाळली. "तोंड सारखं असलं म्हणून काय झालं? हिच्यातून नुसती वीज जाते! आत धड तारा तरी आहेत का हिच्यात?"

काकांचा चेहरा पडला. ते बिचारे मुकाट्याने खण उपसायला लागले आणि तळातून तशीच एक जाडी केबल निघाली, खरी. ताईने रागाच्या भरात थोरल्याच्या मागचं सगळंच उपटलं आणि दोन्ही केबली नव्याने खोचल्या. आता दोघी दिसल्या. आकडे असे धावायला लागले की साहेबसुद्धा खुर्ची ओढून बघत बसले.

"शाबास गं!" ते म्हणाले. ताईला बरं वाटलं. का वाटू नये?

साडेतीनला नकाशा आला. जिथे जमीन खचली तिथे लाल, जिथे वर आली तिथे निळी. ताईचा जीव मुठीत. पडद्यावर लाल ठिपकाही नव्हता. तिसऱ्या-चौथ्या घराच्या मागे तेवढा निळा पट्टा, नऊ सेंटीमीटरचा.

"खचलेलं नाही!" साहेब उभेच राहिले. "उलट वर आलंय. खाणवाल्यांनी राडारोडा टाकला असणार. सुटलो बुवा!" त्यांनी तिथल्या तिथे अधिकाऱ्यांना फोन लावला. ताईने डोळे मिटले. काकांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला, तो तिने एका दमात संपवला.

मग ती उगाच नकाशा फिरवून बघत बसली. चौथ्या घराच्या वरच्या अंगाला एक सरळ निळी रेघ होती. बांधासारखी. ताई बघत राहिली. तिथे बांध कुठला? तिथे चर होता. पाणी वळवायला चार दिवसांपूर्वीच खणलेला, आणि सकाळी मोजणी करताना तिचा पाय घोट्यापर्यंत त्यातच गेला होता. खणलेला चर वर कसा येईल?

तिने थोरल्याच्या मागे वाकून पाहिलं. डावीकडे धाकटी होती. उजवीकडे मधली.

ऑफिसच्या नेटवर्कमध्ये कुठली वायर कुठे खोचली याला कोण विचारतं? डबा आपला ओळखून घेतो कोण कोण आहे ते. पंधरा वर्षं तिच्या हातांना तीच सवय. इथे मधे डबाच नव्हता. डावीकडून आलेलं थोरल्याने जुनं धरलं, उजवीकडून आलेलं नवं. महिना उलटा मोजला गेला होता. जे खाली गेलं ते वर दिसत होतं.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेब, फोन लावा! त्यांना थांबवा! उलटं आहे सगळं, माती खाली गेलीय!"

साहेबांना काही कळेना, पण तिचा चेहरा बघून त्यांनी फोन लावला. अधिकाऱ्यांचा लागेना. ताईने भावाला लावला. वाजतोय, वाजतोय. मघाशी आपणच उचलत नव्हतो, तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. पुन्हा लावला.

"आता काय?" भाऊ हसत होता. मागे भांडी वाजत होती. "पोचलो बाई घरी. चहा टाकलाय. तुझ्या साहेबांनी सांगितलं ना..."

"बाहेर पड."

"काय?"

"घरातून बाहेर पड! सगळ्यांना घे आणि पळ. बाकीच्यांनाही ओरडून सांग."

"ए, डोकं फिरलंय का तुझं? दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच म्हणालात..."

"माझं चुकलं!" ताई ओरडली. "साहेबांचं नाही, माझं. केबली उलट्या लावल्या मी. तुझ्या स्वयंपाकघराच्या मागची जमीन नऊ सेंटीमीटर खाली गेलीय. तुझ्या पाया पडते, बाहेर पड!"

त्यांच्या लहानपणापासून ताईचं कधी चुकलं नव्हतं. म्हणजे चुकायचं, पण ती मेली तरी कबूल करायची नाही.

"चप्पल राहू दे!" भावाचा आवाज आला, बायकोला उद्देशून. "पोरीला उचल आधी! गॅस मी बघतो, तू नीघ!"

मग नुसती पावलं, धापा, कोणाच्या तरी दारावर थापा, आणि पोरीचं रडणं. ताई फोन कानाला गच्च धरून उभी होती. तिकडून भाऊ एकेका घराच्या नावाने हाका मारत होता आणि इकडे ती बोटांवर मोजत होती. सात झाली तेव्हा ती खाली फरशीवरच बसली.

साहेबांनी हळूच सुचवलं की रिपोर्टमध्ये तांत्रिक बिघाड असं लिहू. ताईने केबलींची अदलाबदल करून ताळा पुन्हा घेतला, लाल पट्टा आला, आणि खाली तिने लिहिलं : पहिला निकाल माझ्या चुकीने उलटा गेला.

भावाचं बिऱ्हाड ताईकडे आलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. काही पडलं नाही, झडलं नाही. भाऊ चिडवायला लागला. "घर उभंच आहे हो अजून. ताई, पुन्हा एकदा बघ बरं, या वेळी तरी सुलट लावल्यास ना?" खरं सांगायचं तर ताईलाही आता खात्री वाटेनाशी झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सगळे ताईच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने नाश्त्याला बसले होते. भावाचा फोन वाजला. शेजारी होता. भाऊ ऐकत राहिला, "बरं" म्हणाला आणि फोन ताटलीशेजारी ठेवला.

"मागची भिंत आली खाली," तो म्हणाला. "स्वयंपाकघरासकट. आत्ताच, पाच मिनिटं झाली."

भावजयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "या वेळेला आपण तिथेच नाश्त्याला..." ती म्हणाली. पोरगी आपली दुधात पाव बुडवत होती. भावाने तिला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बसला.

ताई मात्र रडली. ओट्याला धरून, हमसून हमसून, आणि कोणीही तिला गप्प हो म्हटलं नाही.