बलभीमचा डावा पाय

मी खेळणी मोडते. मुद्दाम नाही, पण मोडायचीच असतील, तर लोकांच्या पोरांच्या हातात मोडण्याआधी माझ्या हातात मोडलेली बरी. मोबाइलवर माझं ‘वाकवून बघू’ नावाचं चॅनल आहे. खेळणं घ्यायचं, त्याचे सांधे वाकवायचे, चाकं ओढायची आणि शेवटी ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढंच सांगायचं. मधलं काही नाही. आई म्हणते, ही तिखट जीभ आप्पांची, माझ्या वडिलांची. आप्पा गेले, जीभ मागे राहिली.

गेल्या वर्षी मी माझ्या सख्ख्या भावाचं खेळणं असंच वाकवलं. मंथनचा ‘बलभीम’. दिसायला ट्रॅक्टर, आणि भाग फिरवले की त्याचा रोबो व्हायचा. उद्यमबागेतल्या भाड्याच्या शेडमध्ये मंथननं तो स्वतः आखला, स्वतः जुळवला. कॅमेऱ्यासमोर बलभीमचा खांदा कट्कन तुटला आणि हात माझ्या मांडीवर पडला. मी म्हटलं, “घेऊ नका.” दुसरं काय म्हणणार होते? तो हात एखाद्या पोरानं तोंडात घातला असता म्हणजे? मंथन तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला. मला त्याचं वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. पण शब्द परत घ्यावा असं काही वाटलं नाही.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी तो खोकं घेऊन दारात उभा राहिला. त्या दिवशी आमच्या विणकरांच्या वडगावातले सगळे माग बंद असतात, त्यामुळे गल्लीत इतकी शांतता की त्याच्या चपलांचा आवाजसुद्धा ऐकू आला.

“आक्का, नवा बलभीम हाय. खांदा बदललाय, गुडघे बदललेत. बघ.”

“आज? आज सणाचं?”

“उद्या दुपारी मुहूर्त धरून स्वरूप साचा कापायला घेतोय.” स्वरूप म्हणजे त्याचा दोस्त, साचे बनवणारा. “पोलादात एकदा कापलं की कापलं. मग चूक निघाली तरी हजारो नगांत तीच चूक. म्हणून आधी तुझं ऐकायला आलोय.”

“आणि मी नको म्हटलं तर?”

“तर सगळं थांबवतो आणि तिकडं लांब होसूरच्या कंपनीत नोकरीला जातो. ती माणसं कवापासनं बोलावत्यात.” त्यानं खोकं माझ्या हातात दिलं. “खोटं बोलू नको मात्र. तुझं खोटं मला लगेच कळतंय.”

 मंथननं इथंच राहावं, रोज रात्री ताटावर बसून भाजीला नावं ठेवावीत, एवढंच मला हवं होतं. आणि ते आता माझ्याच एका शब्दावर येऊन टेकलं होतं.

मी माडीवर कॅमेऱ्याचा दिवा आणायला गेले. खाली येऊन बघते तर खोकं रिकामं. आईनं ट्रॅक्टर उचलून पाटावर मांडलेला, मागाचा धोटा आणि कात्रीच्या शेजारी, वर झेंडूचं फूल.

आमच्या घरी मागाची पूजा म्हणजे पुढून कुंकवाचं एक बोट लावलं आणि झालं असं नसतं. जिथं जिथं दोन भाग एकमेकांवर हलतात, तिथं तिथं ओलं कुंकू भरायचं, ही जुनी रीत. आईनं ट्रॅक्टरलाही सोडलं नव्हतं. उलटा करून, चाकं फिरवून, मोठ्या चाकांमागच्या गुडघ्यांच्या फटीत तिनं काडीनं कुंकू भरलं होतं.

मंथनच्या तोंडचं पाणी पळालं. “आई! अगं ते थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं एकच पीस हाय! सगळ्या सांध्यांत कुंकू गेलं की!”

“मग? सांधा हलतोय न्हवं?” आई शांतपणे वात सारखी करत म्हणाली. “हलणाऱ्या जागंला कुंकू लावायचं. ट्रॅक्टर हाय, चाकं हाईत, पूजा न्हाय करायची व्हय?”

“ते खेळणं हाय!”

“तुझ्या पोटापाण्याचं हत्यारच हाय ते. आता उद्या सकाळी आरती झाल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय.”

मंथन पाय आपटत बाहेर गेला. आईचा चेहरा पडला. मी तिला म्हटलं, “जाऊ दे गं, डोकं शांत झालं की येईल.” आला, पण दिवसभर पाटाकडं असा बघत बसला, जणू पोरगं दवाखान्यात ठेवलंय. एकदा त्याचा हात पुढं गेलाही. आईनं नुसतं खाकरलं आणि हात मागं आला.

दसऱ्याच्या सकाळी आरती झाली, आईनं पाट हलवला आणि मी कॅमेरा लावला. बोनेट उघडलं, त्याची छाती झाली. मोठी चाकं पाठीवर गेली. आत दडलेले हात बाहेर आले आणि मी सरळ खांद्यावर चाल केली. ओढला, पिळला, शेवटी बलभीमला त्याच्याच एका हातानं दाराच्या कडीला लटकवून खाली ओढला. खांदा हलला नाही. आत लोखंडी पिन होती आणि ती छान बसली होती.  ‘घ्या’ हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता.

मग पाय फिरवले. उजवा लोण्यासारखा उलगडला. डावा जरा अडून उलगडला.

“नवं हाय,” मंथन घाईघाईनं म्हणाला. “वापरलं की सैल हुईल.”

होईलही कदाचित. कॅमेऱ्यात ते अडणं दिसणारही नव्हतं. ‘घ्या’ म्हणायचं, साचा कापला जाणार, भाऊ घरात राहणार. खरं सांगते, मला तो मोह झाला. मी डावा पाय पुन्हा दुमडला, पुन्हा उलगडला. पुन्हा अडला. मग मी तो दिव्याखाली धरला.

उजव्या गुडघ्यातलं कुंकू घासून सगळीकडून सारखं निघालं होतं. डाव्या गुडघ्यात मात्र ते जसंच्या तसं लाल होतं. फक्त एका कडेवर, नखाएवढ्या पट्टीत, साफ खरवडून गेलं होतं.

“मंथ्या,” मी म्हटलं, “घेऊ नका.”

त्याचा चेहरा उतरला. मी पाय त्याच्या पुढं धरला. “आधी हे बघ. मग होसूरला जा नाहीतर कुठंही जा.”

तो बघत राहिला. मग पाय हातात घेऊन दाराच्या उजेडात गेला. “एकाच कडेवर टेकतोय,” तो हळू म्हणाला. “सगळा भार तिथंच. थोड्या दिवसांत तीच कड तुटणार. गेल्या बारीला खांदा असाच गेलता.” आणि एकदम तो हसायलाच लागला. “आक्का, शेडमध्ये लोखंडाचे दोन भाग कुठं टेकत्यात ते बघायला आम्ही निळा रंग लावतोय. प्लास्टिकच्या खेळण्याला कोण लावतंय? ह्या बाईनं लावला की! लाल!”

“काय झालं रं?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. “बिघडलं काय माझ्यामुळं?”

“न्हाय गं. सापडलं.”

त्यानं स्वरूपला फोन लावला. “बाकीचं घे कापायला. डाव्या पायाला हात लावू नको, संध्याकाळी सांगतो.” मग ओट्यावर बसून तो कानशीनं ती कड घासू लागला. थोडं घासायचा, फुंकर मारायचा, पाय आईपुढं धरायचा, आई काडीनं कुंकू भरायची, तो दुमडून बघायचा. कालचं भांडण दोघांपैकी एकालाही आठवत नव्हतं. दुपारपर्यंत डाव्या गुडघ्यातलं कुंकूही उजव्यासारखंच सगळीकडून निघालं.

मी डोळे मिटून बलभीम उलगडला, मिटला, पुन्हा उलगडला. कुठं अडला नाही. मग कॅमेऱ्याकडं बघून म्हटलं, “घ्या.” 

संध्याकाळी मंथननं आईच्या हातात सोनं दिलं, पाया पडला, आणि उठता उठता म्हणाला, “आई, तो कुंकवाचा करंडा मला शेडमध्ये लागतोय. प्रत्येक नव्या नमुन्याला.”

“ने की. आणि ते होसूर का काय म्हणत होतास?”

“फोन केलता. येत न्हाय म्हटलं.”

आईनं करंडा पुसून त्याच्या हातावर ठेवला. मी तोंड फिरवून रडून घेतलं. कॅमेरा बंद होता, तेच बरं झालं.